पुरलेला कचरा आणि विहिरीचें पाणी



घरांत नको असलेली वस्तु आपण घराबाहेर टाकतों, गांवांत नको असलेली वस्तु गांवाबाहेर टाकतों, आणि जी कोठेंच टाकतां येत नाहीं ती खड्डा खणून पुरतों. पुरली कीं ती संपली, असें आपलें मन मानतें. भूमीच्या पोटांत सारें कांहीं जिरतें, ही समजूत इतकी जुनी आहे कीं तिच्याविषयीं शंका घेणें हा कृतघ्नपणा वाटावा. आज मी ती शंका घेणार आहें. जमिनींत पुरलेल्या कचऱ्यांतून निघणारीं द्रव्यें मातींतून कशीं चालतात, आणि त्या चालीची लहान प्रतिकृति प्रयोगशाळेंत मांडून ती आधींच कशी पाहतां येते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं मी भंडारा जिल्हा घेतला आहे.

भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात तें उगीच नाहीं. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं ठिकठिकाणीं ओढे अडवून मातीचे बांध घातले; पुढें मालगुजारी आली, मालगुजारी गेली, आणि ते माजी मालगुजारी तलाव आज लोकांच्या तोंडीं नुसते 'मामा तलाव' होऊन राहिले. त्यांच्या खालीं धानाच्या बांध्या, बांध्यांच्या कडेस विहिरी, आणि सर्वांना पोटाशीं धरून वाहणारी वैनगंगा. पाऊस वर्षाकाठीं १३०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि बहुतेक सारा चार महिन्यांत. अशा प्रदेशांत माती आणि पाणी यांचीं खातीं वेगळीं ठेवतां येत नाहींत. मातींत घातलेलें पाण्यांत पोंचावयास किती काळ लागेल, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

वरून वाहत येणारी घाण दिसते. नागपूरचें सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस मिळते, आणि तें पाणी पवनीजवळ गोसेखुर्दच्या धरणांत येऊन थांबतें. त्याविषयीं वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिलें गेलें, कारण तें डोळ्यांना दिसतें आणि नाकाला कळतें. नागपूरच्या पूर्व कडेस भांडेवाडीला त्या शहराचा कचरा कित्येक दशकें पडत आला. तो ढीग उन्हाळ्यांत पेटला म्हणजे धूर दुरून दिसतो. परंतु ढिगाच्या खालून जें जातें त्याला धूर नाहीं कीं रंग नाहीं. त्याचा पत्ता लागतो तो कोणाच्या तरी विहिरींत.

राजस्थानांत उदयपूरजवळ बिछडी नांवाचें गांव आहे. १९८८ च्या सुमारास तेथें रंगांच्या धंद्याला लागणारें एक आम्ल तयार होऊं लागलें. कारखाना फार दिवस चालला नाहीं, परंतु तेवढ्या काळांत सुमारें २४०० टन गाळ निघाला. कांहीं उघड्यावर पडला, कांहीं मातीनें झांकला गेला. पावसानें तो धुऊन खालीं नेला आणि आसपासच्या विहिरींचें पाणी काळपट होऊन माणसांच्या, गुरांच्या आणि पिकांच्याहि उपयोगाचें राहिलें नाहीं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, निकाल १९९६ सालीं लागला. कारखान्याला कुलूप घालतां आलें, विहिरीला तें घालून भागण्यासारखें नव्हतें.

ढिगाखालीं काय घडतें तें आतां पाहूं. उघड्या ढिगावर पडलेल्या पावसाचा पांचवा हिस्सा आंत मुरला असें धरलें, तरी १३०० मिलिमीटरांपैकीं २६० मिलिमीटर होतात. म्हणजे एक हेक्टर ढिगाखालीं वर्षाला २६ लाख लिटर पाणी उतरलें. हें पाणी कचऱ्यांतून जातांना त्याचा अर्क काढीत जातें. त्यांत मीठ असतें, अमोनिया असतो, कुजण्यांतून झालेलीं आम्लें असतात, आणि जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, औषधें यांतून सुटलेल्या द्रव्यांचा अंश असतो. या पाण्याला आपण झिरपा म्हणूं.

या झिरप्याची एक करामत भंडाऱ्याच्या दृष्टीनें विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. तुमसर तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथें मँगनीजच्या खाणी आहेत, हें पुष्कळांस ठाऊक असेल. मँगनीज आणि लोह हीं मातींत बहुधा न विरघळणाऱ्या रूपांत निमूट बसलेलीं असतात. परंतु कुजणारा झिरपा मातींतला प्राणवायु खाऊन टाकतो, आणि प्राणवायु संपला कीं हींच निमूट द्रव्यें विरघळून पाण्याबरोबर चालूं लागतात. कचऱ्यांत मँगनीज मुळींच नसलें तरी विहिरींत तें वाढूं शकतें, कारण तें मातीचेंच असतें. माती सारें पचविते असें म्हणणाऱ्यांनीं मातीला अपचन होतें तें कसें, हेंहि पाहावें.

मातींतून पाणी किती वेगानें जातें याचा नियम १८५६ सालीं मिळाला. फ्रान्समध्यें दिजाँ या शहरीं हेन्री दार्सी नांवाचा स्थापत्यज्ञ नगरच्या कारंज्यांची आणि पाणीपुरवठ्याची व्यवस्था पाहत असे. त्यानें माणसाहून उंच असा लोखंडी नळ उभा केला, त्यांत वाळू भरली आणि वरून पाणी सोडलें. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या उंचींत जितकें अंतर अधिक तितकें पाणी अधिक जातें, आणि वाळूचा थर जितका जाड तितकें तें कमी जातें, एवढाच त्याचा निष्कर्ष. पण प्रत्येक मातीला आपापला एक गुणक असतो हें त्यांतून कळलें, आणि तो गुणक रेतीपासून चिकण मातीपर्यंत लाखों पटींनीं बदलतो.

दार्सीला पाण्याचें प्रमाण हवें होतें. आपल्याला पाण्यांत काय आहे तें हवें आहे. म्हणून त्याच नळांत आज आपण मीठ आणि रंग सोडतों. कांचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची हातभर नळी घ्यावी. तळाशीं जाळी बसवून तींत चाळलेली माती थोडी थोडी घालून सारखी ठासावी. मग पाणी वरून न ओततां खालून हळूहळू चढवावें, म्हणजे मातींतली हवा निघून जाते. घाईनें वरून ओतलें तर हवेचे बुडबुडे अडकतात आणि पाणी त्यांना वळसे घालीत जातें. माती पूर्ण भिजली कीं वरून मिठाचें पाणी सोडावें आणि त्यांत मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग मिसळावा. खालीं ठराविक वेळानें पेले भरून घ्यावे.

चिकण माती असेल तर पेल्यांत येणारें पाणी तासन् तास स्वच्छ दिसतें. निळा रंग वरच्या बोट-दोन बोटांतच मातीला चिकटून बसलेला असतो. पाहणारा म्हणेल, मातीनें सारें गाळून घेतलें. मग त्याच स्वच्छ पेल्यांत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावे. पाणी दुधासारखें होतें. मीठ केव्हांच पोंचलें आहे! रंगाचे कण ऋणभारित मातीच्या कणांशीं जखडले गेले. मिठांतल्या क्लोराइडला तसें जखडणारें कांहीं मिळालें नाहीं आणि तें पाण्याच्या पावलानें चालत आलें. तांबें, जस्त, शिसें यांची गति बहुधा निळ्या रंगासारखी असते. पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेल्या भंडाऱ्यांत तांबें व जस्त मातीला कसें धरून राहतें हें सांगितल्यास नवल वाटूं नये. परंतु धरून राहतें म्हणजे कायमचें राहतें असें नाहीं. मातीच्या अंगीं धरण्याची जितकी शक्ति आहे तितकी भरली, किंवा झिरप्याचें आम्लपण वाढलें, कीं ते कण सुटून पुढें सरकतात.

आणखी एक गोष्ट या पेल्यांवरून कळते. मीठ ठराविक क्षणीं एकदम येत नाहीं. प्रथम किंचित्, मग वाढत वाढत, आणि शेवटीं वरच्या पाण्याइतकें. मातींतल्या वाटा कांहीं रुंद, कांहीं अरुंद, कांहीं वळणाच्या. जत्रेला एकाच वेळीं निघालेलीं माणसें जशीं पुढेंमागें पोंचतात तसेंच हें. विहिरीच्या मालकाला याचा अर्थ असा कीं पहिला दूत फार लवकर येतो आणि फार हळू बोलतो.

हें सारें नळीपुरतेंच खरें असेल अशी शंका येईल. कॅनडांत ऑन्टारिओ प्रांतीं बॉर्डन येथील लष्करी छावणीचा कचरा १९४० पासून १९७६ पर्यंत वाळूच्या जमिनींत पुरला जात होता. त्याच प्रदेशांत संशोधकांनीं १९८२ च्या ऑगस्टांत मुद्दाम १२ हजार लिटर पाणी जमिनीखालीं सोडलें. त्यांत क्लोराइड, ब्रोमाइड आणि पांच सेंद्रिय द्रव्यें मोजून घातलेलीं होतीं. सुमारें ५००० ठिकाणांहून नमुने घेऊन तो ढग कसा सरकतो हें तीन वर्षें पाहिलें. क्लोराइड दिवसाला सुमारें ९ सेंटिमीटर चाललें. सेंद्रिय द्रव्यें आपापल्या चिकटपणाप्रमाणें मागें रेंगाळलीं. नळींत जें तासांत दिसतें तेंच शेतांत वर्षांनीं दिसलें.

परंतु प्रत्येक गांवीं तीन वर्षें थांबून पाहण्याची सवड कोणाला? आणि चिकण मातींत तर तीन वर्षेंहि अपुरीं. तेव्हां काळ आटवावा लागतो. भंडाऱ्याच्या शेतांवर पांखरें उडविण्यासाठीं गोफण फिरवितात तिची आठवण करा. फिरत्या गोफणींतला दगड हाताला स्वतःच्या वजनाहून कितीतरी जड लागतो. तसाच एक लांब पोलादी हात गरगर फिरवून त्याच्या टोंकाशीं मातीची पेटी बसवितात. या यंत्रास सेंट्रिफ्यूज म्हणतात. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें साडेचार मीटर त्रिज्येचें असें यंत्र आहे, आणि अशा यंत्रांवर बांध, उतार व मातींतून द्रव्यांची चाल यांचा अभ्यास तेथें झालेला आहे. पेटींतल्या मातीचें व पाण्याचें वजन शंभरपट झालें कीं १० सेंटिमीटर थर १० मीटर थरासारखा वागूं लागतो. पाणी शंभरपट वेगानें जातें आणि त्याला जावयाचें अंतर शंभरपट कमी असतें. म्हणून काळ शंभर गुणिलें शंभर, म्हणजे दहा हजारपट आटतो. एक वर्ष सुमारें ५३ मिनिटांत संपतें. आज सकाळीं यंत्र सुरू केलें तर उद्यां दुपारच्या आधीं तीस वर्षांनंतरची माती कापून पाहतां येते.

ही युक्ति चतुर आहे, पण तिच्यावर भाळून जाऊं नये. वजन वाढविल्यानें पाणी धांवतें. कचऱ्यांतले जंतु धांवत नाहींत. कुजण्याला जितका काळ लागावयाचा तितकाच लागतो, आणि मातीला चिकटण्याची क्रिया सावकाश होणारी असेल तर तीहि यंत्राच्या घाईला जुमानीत नाहीं. त्याहून मोठी अडचण अशी कीं पेटींतली माती आपण चाळून, भिजवून, ठासून भरलेली असते. शेतांतल्या मातीला कोणी चाळलेलें नसतें.

मध्यप्रांताच्या जुन्या जमाबंदींत भंडाऱ्याच्या जमिनींचीं जीं नांवें येतात तीं मोठीं अर्थपूर्ण आहेत: कन्हार, मोरांड, सिहार, बरड. कन्हार म्हणजे काळी चिकण. सिहार हलकी, रेताड, धानाला चांगली. बरड म्हणजे खडीची, उंचवट्यावरची. कन्हार नळींत भरली तर पाणी जाऊंच देत नाहीं असें वाटतें. तीच कन्हार वैशाखांत शेतांत जाऊन पाहा: हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. त्या खालीं मुरूम, आणि मुरुमाखालीं फुटीर खडक. विहिरींचे झरे याच फुटींतून येतात. भेगेचा हिशेब मातीच्या हिशेबाहून अगदीं निराळा आहे. भेग दहापट रुंद झाली तर तींतून पाणी दहापट जात नाहीं, हजारपट जातें. अमेरिकेंत डॅनियल यांनीं १९८४ सालीं चिकण मातीचे प्रत्यक्ष घातलेले तळ तपासले, तेव्हां पाणी प्रयोगशाळेंतल्या अंदाजाहून दहापटीपासून हजारपटीपर्यंत अधिक जात असल्याचें दिसलें. माती तीच होती. ढेकळें नीट फोडलीं नव्हतीं, थर वाळूं दिले होते, रोलर हलका होता.

म्हणून मला वाटतें, कचऱ्याच्या खड्ड्याचा तळ करणाऱ्या ठेकेदारानें एकदां रोवणीच्या आधींची चिखलणी पाहावी. बांधींत पाणी उभें ठेवून, बैल किंवा ट्रॅक्टर फिरवून, ढेकूळ म्हणून शिल्लक न ठेवतां शेतकरी असा थर तयार करतो कीं पाणी वर उभें राहतें. कोहळ्यांनीं तलावांचे बांध घालतांना हेंच जाणलें होतें. आपल्या देशांत २०१६ च्या नियमांनीं खड्ड्याच्या तळाला ९० सेंटिमीटर जाडीचा असा थर सांगितला कीं ज्याचा गुणक सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसावा, आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा. असा थर खरोखर साधला तर त्यांतून वर्षाकाठीं पाण्याची सुमारें ३ सेंटिमीटर उंची उतरते. वर पाणी साचूं दिलें तर अधिक. पाणी अजिबात थांबलें तरी मीठ थांबत नाहीं, तें दाटीकडून विरळ्याकडे स्वतःच पसरत जातें. पण त्यास कित्येक वर्षें लागतात, आणि तेवढ्या काळांत वरचा ढीग झांकून पावसापासून तोडतां येतो.

त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी होत्या. खड्डा नदीपासून १०० मीटर, आणि तळें, विहीर, वस्ती यांपासून २०० मीटर दूर असावा. आणि तळाच्या खालीं भूजलाची सर्वांत वरची पातळी निदान २ मीटर खोल असावी. भंडाऱ्याच्या नकाशावर प्रत्येक तलावाभोंवतीं आणि विहिरीभोंवतीं २०० मीटरचें वर्तुळ काढूं लागलें म्हणजे मोकळी जागा उरते ती बहुधा बरडावर, उंचवट्याच्या खडीवर. कागदावर ती निर्दोष. मातीच्या दृष्टीनें तीच सर्वांत गळकी. अंतराचा नियम पाळून मातीचा नियम मोडण्याचा हा प्रसंग आहे, आणि तेथें नळींतला प्रयोग कामास येतो: त्याच जागेची, न चाळलेली, न हलविलेली माती नळकांड्यासकट कापून आणून तपासावी.

दुसऱ्या नियमांतला घोटाळा ऋतूचा आहे. खड्डे खणतात ते मे महिन्यांत. तेव्हां जमीन हाडासारखी कोरडी असते, आणि कामावरचा मनुष्य शपथेवर सांगेल कीं येथें पाण्याचा टिपूस नाहीं. धानाच्या प्रदेशांत भाद्रपदांत, बांध्या तुडुंब असतांना, शेजारच्या विहिरींत डोकावावें. पाणी किती वर आलें आहे तें काठावरूनच दिसेल. सर्वांत वरची पातळी म्हणजे ही. मे महिन्यांत कोरडा दिसलेला खड्डा सप्टेंबरांत भूजलांतच बुडालेला असूं शकतो, आणि मग मधला थर, गुणक, सारा हिशेब फुकट.

खड्डा झाल्यावर पाळत ठेवण्यासाठीं निरीक्षणाच्या विहिरी घेतात: पाणी ज्या बाजूनें येतें तिकडे एक, आणि ज्या बाजूला जातें तिकडे दोन-तीन. तेथें पहिला दूत कोण हें आपण नळींत पाहिलेंच: क्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत त्याची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. विहिरींत तें ३० असतांना १२० झालें तर मर्यादेच्या आंतच राहील, चवीला कांहीं कळणार नाहीं, आणि अहवालांत पाणी पिण्यास योग्य असेंच लिहिलें जाईल. परंतु ३० चे १२० कां झाले, हें विचारणारा कोणी पाहिजे. आणि आधीं ३० होते हें कोठें तरी लिहिलेलें पाहिजे. ही तपासणी महाग नाहीं. नागपुरास तर १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधनसंस्था आहे. १९७४ पासून ती नीरी या नांवानें ओळखली जाते.

भंडारा, तुमसर, पवनी, साकोली यांपैकीं कोणत्याहि नगराजवळ असा खड्डा व्हावयाचा असेल तर पहिला नमुना कचऱ्याची पहिली गाडी रिकामी होण्यापूर्वीं घेतला गेला पाहिजे. एक मे महिन्यांत, एक भाद्रपदांत. विहिरीचें नांव, पाण्याची पातळी, क्लोराइड, मँगनीज आणि तारीख, एवढे रकाने पुरेत. ती वही नगरपालिकेच्या कपाटांत एक असावी, आणि एक प्रत त्या विहिरीच्या मालकाच्या घरीं.